ज्याचा खण त्याला

आमच्या बाळाराममामांना कुठल्याही लग्नात, बारशात किंवा मयतीत आत शिरायला निदान दहा मिनिटं उशीर व्हायचा, कारण दाराबाहेर चपला असायच्या. ढिगाने पडलेल्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, एक इथे तर तिची जोडीदारीण गटाराच्या काठावर. मामा लेंगा वर घेऊन उकिडवे बसायचे आणि जोड्या लावायला घ्यायचे. टाचा भिंतीला, अंगठे रस्त्याकडे, बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, पोरांची सगळ्यात पुढे. शेवटची जोडी लागली की गुडघ्यावर हात देऊन उठायचे, "ज्याचा खण त्याला," असं स्वतःशीच म्हणायचे आणि मग आत जाऊन नवरा-नवरीला किंवा मयताला, जे असेल त्याला, हात जोडायचे.

काम पुण्याचं होतं, पण माणूस चप्पल जिथे काढतो तिथेच ती शोधतो. त्यामुळे कार्य आटोपलं की निम्मी वस्ती अनवाणी उभी राहून ओरडायची, "कुणी हात लावला रे चपलांना? बाळाराम आलता का?" मामी कपाळाला हात लावायची. म्हणायची, "जन्मभर उभं राहून खिळे लावले, आता बसून चपला लावतायत. घरात यांची बनियन मात्र मी शोधायची."

मामा कंपोझिटर होते. तो धंदा आता उरला नाही, म्हणून थोडं सांगतो. शिशाचं एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा. समोर तिरकी ठेवलेली मोठी लाकडी पेटी, तिच्यात शेकडो खण, प्रत्येक अक्षराचा आणि प्रत्येक काना-मात्रेचा खण ठरलेला. न बघता हात घालायचा, खिळा उचलायचा, ओळीत उलटा बसवायचा. ओळींचं पान झालं की ते यंत्रावर चढायचं. छपाई झाली की तेच पान फोडून प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या खणात टाकायचा. जुळवणं पाहायला लोक यायचे, आपलं नाव शिशात कसं दिसतं याचं कौतुक असतं. सोडवणं बघायला कोणी थांबत नसे. "जुळवायला काय, कुणीबी जुळवंल," मामा म्हणायचे. "लग्न लावायला सगळे येतात. मांडव सोडायला कोण राहतो ते बघ."

प्रेस भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कापड विणायच्या लूमचे कारखाने. खटखट अशी की मालक आणि गिऱ्हाईक साधं बोलले तरी भांडल्यासारखे वाटायचे, आणि खरोखर भांडले तर कोणाला पत्ता लागायचा नाही. छापायचं काय, तर लग्नपत्रिका, चलनबुकं आणि कापडाच्या ताग्यांवरची लेबलं. मामा सकाळी आठला पेटीसमोर उभे राहायचे ते संध्याकाळी दिवे लागेपर्यंत. पाय सुजायचे. घरी आल्यावर पाय भिंतीला उभे टेकवून जमिनीवर आडवे व्हायचे आणि त्याच अवस्थेत माझ्या हातातला पेपर समोरून उलटाच वाचायचे. "पान पलट," म्हणायचे. मी अजून शीर्षकापर्यंतच आलेला असायचो.

मी तेव्हा पंचविशीचा. बी.कॉम. दुसऱ्या दमात झालेला, वडप्याला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर कारकून. माझ्या लग्नाची पत्रिका मामांनीच जुळवायला घेतली होती. मी कौतुकाने बघायला गेलो, ऐटीत पेटीला रेलून उभा राहिलो आणि पेटी माझ्यासकट खाली आली. मराठीची सगळी अक्षरं जमिनीवर. मालक ओरडला, शेजारचे लूमवाले धावत आले, "अरे भाई, दूल्हा गिर गया!" मामा तिथेच उकिडवे बसले. चार दिवस ते नुसते खिळे वेचत होते. अर्ध्या पाहुण्यांना पत्रिका लग्नानंतर मिळाली. पाचव्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "अरुण, तुझ्या हातात काय द्यायचं न्हाय. तुझा दोष न्हाय. तुझा हातच तसा हाय."

हा निकाल आमच्या घराण्यात कायम झाला. आजही माझ्या हातात काचेची बरणी असली की बायको दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभी राहते.

आता मामांच्या आईबद्दल, म्हणजे माझ्या आजीबद्दल. तिचं नाव सोनाबाई. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांजवळच्या खेड्यातली. भिवंडीत आल्यावर लूमच्या कारखान्यांसाठी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसतात त्या लाकडी दांड्यांवर सूत गुंडाळायचं. चाकाच्या घरघरीवर ती गायची. भाताच्या आवणीची गाणी, हळदीची गाणी, लेकीला सासरी धाडायची गाणी, दीक्षा घेतल्यानंतर तिने स्वतः बांधलेली गाणी. एकदा वस्तीतल्या एका कार्यकर्त्याने तिला टोकलं, "आजी, आता आपण बौद्ध. ती देवाबिवाची जुनी गाणी कशाला?" आजीचं चाक थांबलं नाही. "देव सोडलं रं," ती म्हणाली. "गाणी काय देवाच्या बापाची हायत? ती माझी हायत."

हळदीची गाणी तिच्याइतकी कोणाला येत नसत, म्हणून खेड्यात मोठ्या घरच्या लग्नाला तिला बोलावणं असायचं. मांडवात मात्र नाही. कुंपणाबाहेर आंब्याखाली बसून गायचं. एकदा नवी नवरी असताना ती भुकेने कावली होती आणि गर्दीत चुकून पंगतीच्या टोकाला टेकली. पान मांडलेलं होतं, भात वाढला होता. कोणीतरी ओळखलं आणि पानावरून उठवलं. आजी हे हसत सांगायची. "माझा आवाज मांडवात जायचा न् मी कुंपनाभायेर. त्या पोरीची हळद माझ्या गाण्यानं लागली, पर माझ्या हातचं पानी चाललं नसतं." ती हसायची, आपणही हसायचो, आणि चाक पुन्हा घरघरायला लागायचं.

मामांनी ही गाणी छापायचं ठरवलं. मालकाने परवानगी दिली ती एका अटीवर, कागद स्वतःचा आणि वेळ सुट्टीचा. वर्षभर दर शुक्रवारी, भिवंडीचे लूम बंद असायचे त्या दिवशी, मामा प्रेसमध्ये एकटेच जाऊन आईची गाणी जुळवत बसले. शुक्रवारीच का, तर म्हणे, "बाकीच्या दिवशी खटखटीत चाल डोक्यात बसत न्हाय."

प्रेसचा एक नियम होता. छापण्याआधी शेवटचं प्रूफ गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि त्यावर 'छापावे' म्हणून त्याची सही घ्यायची. पत्रिकेत नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव पडलं तर नंतर कटकट नको. मामांनी आईलाही हा नियम लावला. शेवटच्या प्रुफाची पानं शिवून, एका लूमवाल्याकडून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यात बांधून त्यांनी एक नमुना प्रत केली आणि आजीला प्रेसमध्ये आणून लाकडी स्टुलावर बसवलं. मी साक्षीला होतो, पेटीपासून सहा हात दूर. मामांनी एकेक गाणं वाचलं. आजी मान हलवत होती आणि मधेच थांबवत होती.

"'अकलोलीचं उष्ण पाणी, चुलीवाचून तापतं, पोटातलं माझं दुःख, हसण्यामागं झाकतं,'" मामांनी वाचलं.

"उष्ण कंचं? ऊन म्हन. उष्ण पान्यात कोन आंघोळ करतं?"

"आये, पुस्तकात बरं दिसतं."

"मंग पुस्तकालाच आंघोळ घाल."

मामांनी पेन्सिलीने 'उष्ण' काढून 'ऊन' केलं. सगळं संपल्यावर म्हणाले, "आता 'छापावे'. अंगठा दे." पत्र्याच्या तुकड्यावर छपाईची काळी शाई लावली. आजीने अंगठा टेकवला आणि पहिल्या पानावर, नावाच्या खाली, दाबून उठवला. मग बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. कांड्या भरून भरून सुताने तिच्या अंगठ्याला एक आडवी चीर पडली होती, तीही कागदावर उमटली होती. "आतापावेतो अंगठा दिला तो दुसऱ्याच्या कागदावर," ती म्हणाली. "ह्यो पयला माझा कागद."

पुस्तक झालं. 'सोनाबाईच्या तोंडची गाणी.' त्या वेळी मामांना एका म्हाताऱ्या कंपोझिटरने सांगितलं होतं की देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कलकत्त्याच्या मोठ्या सरकारी लायब्ररीला पाठवायची, असा कायदा आहे. मालकाला हा कायदा माहीत नव्हता, कारण लग्नपत्रिका आणि लेबलं कलकत्त्याला कोणी मागत नव्हतं. मामांना मात्र हा कायदा फार आवडला. "म्हणजे आपन पाठवायचं आन त्यांनी ठेवायचंच! न्हाय म्हनायची सोय न्हाय!" असं त्यांनी महिनाभर नाक्यावरच्या प्रत्येक चहावाल्याला सांगितलं. कलकत्त्यासाठी त्यांनी एक चांगली प्रत वेगळी काढली, तीही त्याच मांजरपाटात बांधली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि आजीच्या अंगठ्याच्या प्रतीशेजारी, तीही वर्तमानपत्रात गुंडाळलेली, फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाता जाता एक पुडकं उचलून रजिस्टर पोस्टाने रवाना केलं.

दुसरं पुडकं घरच्या पत्र्याच्या पेटीत गेलं आणि दोनेक वर्षं ते कोणी उघडलं नाही.

आजी गेली तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाला टेबलावर ठेवायला फोटो नव्हता. एकुलत्या एका ग्रूप फोटोत तिने ऐन वेळी पदर तोंडावर घेतला होता. "फोटो कशाला," मामा म्हणाले, "आयचा अंगठा हाय." सगळी वस्ती बसलेली. मामांनी पेटीतून पुडकं आणलं, वर्तमानपत्र सोडलं, पहिलं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि हात जोडले. मग त्यांनी पुन्हा पाहिलं. पान कोरं होतं. नाव होतं, नावाखाली काही नव्हतं. मामा ती प्रत हातात घेऊन पानं उलटत राहिले, पुढून मागे, मागून पुढे. मामी हळूच म्हणाली, "अहो, मेणबत्ती लावा." मामांना ऐकू गेलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याचा खिळा न बघता त्याच्या खणात टाकणाऱ्या माणसाने स्वतःच्या आईला चुकीच्या खणात टाकलं होतं.

त्यानंतर मामा थकले. वय काही फार नव्हतं. प्रेसमध्येही खिळे न लागणाऱ्या ऑफसेट छपाईची कुजबुज सुरू झाली होती, मालक शिसं वितळवून विकायची भाषा करत होता. मामा चपला लावायचे, पण "ज्याचा खण त्याला" म्हणेनासे झाले. मी म्हटलं, "मामा, लायब्ररीला पत्र टाका." म्हणाले, "काय लिहू? आयचा अंगठा चुकून आला, परत द्या? हसतील. आन न्हाय हसले, तर पोस्टात हरवतील." मग एक दिवस मला म्हणाले, "तुझं हिंदी बरं हाय. ट्रकवाल्यांशी बोलतोस. चल माझ्यासंगं. चांगली प्रत देऊ, आपली घेऊन येऊ. बदली. कुनाचं नुकसान न्हाय."

कल्याणहून कलकत्त्याची मेल पकडली. जवळजवळ दोन दिवसांचा प्रवास. मामांनी ती कोरी प्रत पिशवीत घालून पिशवी छातीशी धरली होती. मला हात लावू दिला नाही. नागपूरच्या पुढे बाकाखालच्या चपला त्यांना बघवेनात. मी डुलकी काढून उठतो तर डब्यात बोंबाबोंब, एक सरदारजी एक बूट घालून आणि दुसरा शोधत उभे. मी ट्रकवाल्यांशी बोलायच्या हिंदीत माफी मागितली, त्यामुळे ते आणखी चिडले. पाठ मोडली होती, भाकरी संपली होती, आणि आपण हजारावर मैल एका अंगठ्यासाठी चाललो आहोत हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. शेजारच्या बाईंनी विचारलंच, "कलकत्ते में कौन है?" मामा म्हणाले, "माँ है."

लायब्ररी म्हणजे पांढरा महाल होता. पूर्वी तिथे लाटसाहेब राहायचे असं रिक्षावाला म्हणाला. पुढे हिरवळ, मग रुंद पायऱ्या, वर खांबांची रांग. मामा पायऱ्यांपाशी थांबले, चपला काढल्या, माझ्याही काढायला लावल्या आणि चारही ओळीत ठेवल्या. दारावरचा शिपाई हसला. "पहन लीजिए, दादा. मंदिर नहीं है."

"मंदिर में तो हमको जाने नहीं देते थे," मामा म्हणाले. "इधर आने देते हैं, इसलिए निकाली." शिपायाचं हसू थांबलं. त्याने पुढे होऊन दार धरलं.

आत वाचायची खोली इतकी मोठी की आमची अख्खी चाळ तिच्यात उभी राहिली असती आणि वर पाण्याची टाकीही बसली असती. इतकी माणसं आणि आवाज फक्त पंख्यांचा. भिवंडीच्या माणसाला अशा शांततेत कानात काहीतरी बिघडल्यासारखं होतं. मग मामांना ती लाकडी कपाटं दिसली. लहान लहान खणांची, प्रत्येक खणाला पितळी कडी आणि वर अक्षर, आत कार्डांची चळत. मामांनी माझं मनगट पकडलं. आजी गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "अरुण, ही तर पेटी! कंपोझिटरची पेटी हाय ही! आख्खा देश खणात घातलाय रे यांनी!" दोन-चार विद्वानांनी माना वर केल्या. मी छताकडे बघायला लागलो.

मराठी पुस्तकांच्या विभागात एक वयस्कर बंगाली बाबू होते. नाकावर चष्मा, बाहीला पुस्तकांची धूळ. नोकरीसाठी मराठी वाचायला शिकले होते, बोलायला नाही. मामांनी चिठ्ठीवर आईचं नाव लिहून दिलं. खणात कार्ड असेल का, ही धाकधूक होती. कार्ड होतं. टाईपरायटरवर नीट लिहिलेलं: सोनाबाई. पुढे पुस्तकाचं नाव, भिवंडी, आणि वर कोपऱ्यात नंबर. मामांनी त्यावरून बोट फिरवलं, छपाईचा दाब लागतो का बघायला, सवयीने.

पुस्तक यायला तास-दीड तास लागला. आलं ते त्याच मांजरपाटात, फक्त पाठीवर नंबराची चिठ्ठी आणि आत शिक्का. मामांनी पहिलं पान उघडलं. अंगठा होता. काळा, ठसठशीत, मधोमध ती सुताची चीर. मामांनी स्वतःचा अंगठा त्याच्याशेजारी ठेवला, वर नाही, शेजारी.  मी त्या वेळी नेमका खोकलो, कारण अशा वेळी दुसरं काय करायचं ते मला कधीच कळलेलं नाही.

मग मामांनी पिशवीतली कोरी प्रत काढून बाबूंसमोर ठेवली आणि भिवंडीच्या हिंदीत सगळं सांगितलं. बाबूंनी चष्मा काढून ऐकलं. दोन्ही प्रती उघडल्या, अंगठा बघितला, पेन्सिलीने केलेला 'ऊन' बघितला. शेवटी मान हलवली. "दादा, यहाँ जो आ गया, वो बाहर नहीं जाता. नियम है. मैं क्या, बड़े साहब भी नहीं दे सकते."

"अदली-बदली है, साब. एक के बदले एक. ये अच्छी वाली है, गलती नहीं है इसमें."

"आप जब चाहें आकर देखिए. सौ साल बाद भी मिलेगी." बाबू थांबले. मग अगदी साधेपणाने विचारलं, "घर ले जाकर रखेगा कौन? आपके बाद?"

मामांना मूल नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा भाचा, वंशाचा दिवा, लग्नाच्या पत्रिकेवर मराठी भाषा आडवी करणारा. मी खाली माझ्या हातांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली असावी.

बाबू डबा खायला उठले. पुस्तक आमच्यापाशीच राहिलं. एकसारख्या कापडातल्या दोन प्रती, खोली पेंगुळलेली. मी वाकून म्हणालो, "मामा, बदला. ही पिशवीत टाका, ती इथे ठेवा. चिठ्ठी काढून तिला चिकटवू. अंगठा कोण शोधतंय इथे?" मला घरी जायचं होतं. पाठ दुखत होती. आणि खरं सांगायचं तर त्यांना रिकाम्या हाताने परत जाताना बघायची माझी हिंमत नव्हती.

मामांनी पुस्तक उचललं. मला वाटलं, झालं काम. पण ते उठून शेजारच्या हातगाडीपाशी गेले. वाचून झालेली पुस्तकं परत आत न्यायला तिच्यावर नंबरवार लावून ठेवलेली होती. त्यांनी पाठींवरचे नंबर वाचले आणि मला खुणेने बोलावलं.

"हा नंबर बघ. आयच्या आधीचं. काय हाय?"

मी वाचलं. कुठल्याशा राजघराण्याची वंशावळ, सोनेरी अक्षरांची.

"न् ह्यो नंतरचा?"

एका शास्त्रीबुवांचा ग्रंथ. संस्कृत श्लोकांवर मराठी टीका, विटेएवढा जाड.

"एका बाजूला राजा, एका बाजूला बामन," मामा हळूच म्हणाले. "मधी जागा कुनाची सोडलीय? आयची." दोन पुस्तकांमध्ये खरोखरच बोटभर फट होती. "पंगत लागलीय रे. ती बसलीय पानावर. आता मीच उठवू व्हय तिला?"

 माझ्या डोळ्यांसमोर ते पंगतीचं टोक आलं, मांडलेलं पान, वाढलेला भात. हे एवढं मोठं घर सरकारने कशासाठी बांधून ठेवलंय, हा प्रश्न मी रिक्षातून उतरताना मनात विचारला होता, जरा चिडूनच. राजाचं आणि सोनाबाईचं पुस्तक एकाच रांगेत ठेवायचं, आणि आलेल्याला उठवायचं नाही. त्या अवाढव्य इमारतीचं सगळं काम एवढंच असावं.

मामांनी पुस्तक त्या फटीत बसवलं. दोन्ही बाजूंच्या जाडजूड पाठींवर तळहात ठेवून रांग सरळ केली, ओळ घट्ट करायची सवय होती तशी. गुडघ्यावर हात द्यायची गरज नव्हती तरी दिला आणि म्हणाले, "ज्याचा खण त्याला."

कोरी प्रत पुन्हा पिशवीत गेली. बाबू डबा खाऊन आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग आमच्या पिशवीकडे पाहिलं, आणि काही तपासलं नाही. खाली उतरलो तर पायऱ्यांपाशी आमच्या चारच चपला नव्हत्या. आमची रांग बघून आणखी पाच-सहा जणांनी आपापल्या जोड्या शेजारी लावून ठेवल्या होत्या. शिपाई वैतागला होता. परतीच्या गाडीत मामा वरच्या फळीवर जे झोपले ते वर्ध्याला चहासाठीच उठले.

पुढे प्रेस बंद झाला. पेट्या भंगारात गेल्या, शिसं किलोवर विकलं गेलं. मामांनी आठवण म्हणून एकही खिळा घरी आणला नाही. "एकटा खिळा घेऊन काय करू? त्याचा खण कुठाय?" म्हणाले. पायांची सूज कधी उतरलीच नाही, मग ती वर वर चढत गेली. शेवटच्या आजारात त्यांनी मला बोलावलं आणि ती कोरी प्रत माझ्या हातात दिली. मी दचकलो. "मामा, माझ्या हातात?"

"घे," ते म्हणाले. "आता तुझ्या हातात काय बी देता येतं."

ते गेले त्या दिवशी दारात चपलांचा हा ढीग. कोणी हात लावीना. मी खाली बसलो आणि लावायला घेतल्या. माझ्या हाताच्या लौकिकाप्रमाणे दोन जोड्या चुकल्या आणि मामांचे मेहुणे एक काळी, एक तपकिरी अशा वेशात कल्याणला गेले. त्यांनी तक्रार केली नाही.

आठवड्याने प्रत उघडली. पहिल्या पानावर, आजीच्या नावाखाली, जिथे अंगठा असायला हवा होता तिथे मामांनी पेन्सिलीने लायब्ररीचा तो नंबर लिहिला होता. खाली एक ओळ: 'हरवली तर इथं बघ.'

ती प्रत मी अनेक वर्षं जपली आणि मागच्या रंगकामात हरवली. कपाटं बाहेर काढली, रद्दी गेली, तिच्यात गेली असावी. दोन दिवस घर पालथं घातलं. बायकोही शोधत होती. तिने एकदाही "मला ठाऊकच होतं" म्हटलं नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं. तिसऱ्या दिवशी मी थकून दारात बसलो. समोर रंगाऱ्यांच्या चपला अस्ताव्यस्त पडल्या होत्या. हात आपोआप त्यांच्याकडे गेला.

आतून बायकोने विचारलं, "सापडली का हो?"

नंबर मला पाठ होता. "हो," मी म्हणालो. "कलकत्त्याला आहे."